नाण्याचा वेगळा रंग : टांकसाळीतील चूक ओळखण्याची पद्धत

चलनातल्या नेहमीच्या नाण्यापेक्षा निराळ्या रंगाचे नाणे हाती आल्यावर ते टांकसाळीतच तसे घडले की बाहेर पडल्यावर कुणी वा कशाने तरी रंगले, याचा निवाडा करण्याची पद्धत. संग्राहकांच्या बोलीत खऱ्या चुकीच्या नाण्याला ‘एरर’ म्हणतात. गुलाबी पाच रुपये, सोनेरी रुपया, काळे पडलेले दोन रुपये अशी नाणी गल्ल्यात अधूनमधून निघतात आणि त्यांतली बहुतेक सगळी टांकसाळीतून नीटच निघालेली असतात. सगळा तपास एका प्रश्नाभोवती फिरतो : नाण्यावर ठसा आधी पडला की रंग आधी आला?

आधी धातूचा इतिहास पाहावा

पुष्कळ ‘एरर’ इथेच निकालात निघतात, कारण भारतीय नाण्यांचे धातू वारंवार बदलले आहेत. पाच रुपयांचे जाड नाणे १९९२ पासून तांबे-निकेलचे, ९ ग्रॅमचे होते. २००७ च्या सुमारास त्याच २३ मिमी व्यासाचे ६ ग्रॅमचे पोलादी नाणे आले आणि २००९ पासून निकेल-पितळेचे (७५ टक्के तांबे, २० टक्के जस्त, ५ टक्के निकेल) पिवळे नाणे निघू लागले. म्हणजे २००७ चे पांढरे, चुंबकाला चिकटणारे पाच रुपये ही चूक नव्हे. त्या काळातली काही स्मारक नाणी तर एकाच ठशाची, तांबे-निकेल व पोलाद अशा दोन्ही धातूंत आहेत. १९६२ चा नया पैसा ब्राँझचा तांबूसही मिळतो आणि निकेल-पितळेचा पिवळाही, दोन्ही अस्सल. १९५४ चा रुपया शुद्ध निकेलचा असल्याने चुंबकाला चिकटतो, १९७५ चा तांबे-निकेलचा असल्याने चिकटत नाही. नाण्यावरचे साल आणि खालची टांकसाळीची खूण (मुंबईचा चौकट-हिरा, हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका, कोलकात्याला खूण नाही) वाचून त्या वर्षीचा धातू, वजन व व्यास सूचीत पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

खरी चूक कशी घडते

पत्र्यातून कोऱ्या चकत्या कापतात, भट्टीत तापवून मऊ करतात, आम्लात धुतात, कडा उचलून घेतात आणि मग ठसे मारतात. रंगाची खरी चूक यांपैकी कुठल्या तरी पायरीवर शिरते, म्हणजे ठसा पडण्याआधी.

सर्वांत ठळक प्रकार परक्या चकतीचा. आधीच्या कामातली एखादी चकती डब्याच्या सांदीत अडकून राहते आणि दुसऱ्या मूल्याच्या नाण्यांबरोबर यंत्रात जाते. इथे मापांचे गणित फार उपयोगी पडते. २०११ च्या मालिकेतला रुपया सुमारे २२ मिमी व्यासाचा, ३.७९ ग्रॅमचा, पोलादी. ठसा मारताना चकतीला भोवतीने धरणारे एक कडे यंत्रात असते; ती चकती पाच रुपयांच्या २३ मिमीच्या कड्यात सहज बसते. पण धातू अपुरा पडल्याने कडेजवळची नक्षी आणि अक्षरांची टोके भरत नाहीत. त्याच मालिकेतल्या दोन रुपयांची चकती २५ मिमीची, ती त्या कड्यात बसणारच नाही. तेव्हा पांढऱ्या पाच रुपयांचे वजन ३.७९ च्या जवळ भरले, चुंबक लागला आणि कडेची नक्षी अर्धवट असली तर गोष्ट गांभीर्याने घ्यावी. तेच नाणे बरोबर ६ ग्रॅम भरले, चुंबकाला लागले नाही आणि साल २०१२ असले, तर ते मुलामा दिलेले आहे.

दुसरा प्रकार भट्टीचा. चकती भट्टीत जास्त वेळ राहिली किंवा तिथली हवा बिघडली, तर पृष्ठभागावर राखाडी, काळसर वा तांबूस थर बसतो. अमेरिकेच्या १९५८-५९ च्या पाच सेंटांतली काळी नाणी यासाठी संग्राहकांत प्रसिद्ध आहेत. या थरावरच ठसा पडल्याने काळ्या रंगातही ठशाची मूळ झळाळी दिसते. नाणे दिव्याखाली फिरवले की चमक चाकासारखी फिरते. नंतर काळे पडलेले नाणे बहुधा निस्तेज असते. मिश्रधातू नीट ढवळला गेला नसेल तर लाकडाच्या रेषांसारखे पट्टे उमटतात. ते नाण्यावर एकाच दिशेने, अक्षरांची पर्वा न करता आरपार जातात.

नंतर रंगलेली नाणी

गुलाबी पाच रुपये हे सर्वांत जास्त फसवणारे. पितळेचे भांडे चिंच-मीठ लावून विसरले की लालसर पडते, हे स्वयंपाकघरात वावरणाऱ्या कुणालाही माहीत आहे. निकेल-पितळेच्या नाण्याचेही तेच होते : आम्लात पृष्ठभागावरचे जस्त विरघळते आणि तांबे वर राहते. लिंबाचे पाणी, व्हिनेगर, ओली माती, फरशीचे आम्ल, काहीही पुरते. भिंगातून पाहिले तर ₹ चिन्हाच्या आणि ५ च्या अंकाच्या वरच्या, घासल्या जाणाऱ्या कडा पिवळ्या दिसतात आणि दोन्ही बाजूंच्या फुलांच्या खोबणीत गुलाबी रंग साचलेला असतो. तांब्याच्याच चकतीवर ठसा पडला असता तर झिजलेली जागाही तांब्याचीच दिसली असती.

सोनेरी रुपया हा बहुतेक वेळा मुलाम्याचा. मुलामा सगळीकडे सारखा चढतो, म्हणून तो खोबणीत, कडेवर आणि जुन्या ओरखड्यांच्या तळाशीही सापडतो. हा ओरखड्याचा पुरावा आम्ही सर्वांत वजनदार मानतो. नाणे बाजारात फिरल्यावरच ओरखडे पडतात. त्यांच्या आत रंग असेल तर तो त्यानंतरच आलेला आहे. मुलाम्याखाली अक्षरांच्या कडा किंचित गोलावतात आणि कधी बारीक फुगे दिसतात. तांब्याच्या नाण्यावर जस्त चढवून तापवले की अस्सल पितळी रंग येतो, तो शाळेच्या प्रयोगशाळेतला नेहमीचा प्रयोग आहे. पाऱ्याने चोळलेले नाणे चांदीसारखे लखलखते आणि काही काळाने मळकट होते. अशा नाण्याला उघड्या हाताने हात लावू नये, पारा विषारी आहे. आगीची झळ बसलेल्या पोलादी रुपयावर पिवळा, जांभळा, निळा असे पट्टे एकमेकांत मिसळत जातात.

तपासणी

साधने मोजकी : ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा, कॅलिपर, दहापट भिंग आणि छोटा चुंबक. आधी वजन, मग व्यास व जाडी, मग चुंबक, शेवटी भिंग. ६ ग्रॅमच्या नाण्यात दशांश ग्रॅमची तफावत किरकोळ समजावी. घरगुती मुलामा इतका पातळ असतो, की वजनात तो सहसा कळत नाही. म्हणून वजन बरोबर असणे हा अस्सलपणाचा पुरावा नसून चकती नेहमीचीच असल्याचा पुरावा आहे.

पुढची पायरी घनतेची. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणावा आणि नाणे दोऱ्याने टांगून तळाला न टेकवता पूर्ण बुडवावे. काटा दाखवतो ते बाहेर सारलेल्या पाण्याचे वजन. कोरड्या वजनाला त्याने भागावे. निकेल-पितळेच्या ६ ग्रॅमच्या नाण्याला ०.७० च्या जवळ आकडा येतो, म्हणजे घनता सुमारे ८.६. पोलादाची ७.७ च्या जवळ, तांबे-निकेलची ८.९. नाण्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे उत्तर बिघडवतात. पाण्यात साबणाचा एक थेंब टाकावा. या काट्यावर पोलाद आणि पितळ वेगळे कळतात, पण ८.६ आणि ८.९ यांतला फरक भरवशाने ठरवायला ०.००१ ग्रॅमचा काटा लागतो.

सराफाकडच्या क्ष-किरण यंत्रावर घटक धातूंचे टक्के कळतात. मात्र ते किरण पृष्ठभागाचा पातळ थरच वाचतात. मुलामा दिलेल्या नाण्याची एकच जागा तपासली तर यंत्र मुलाम्याला साथ देते. झिजलेला उंच भाग, खोबण आणि कडा अशा तीन जागांची नोंद मागावी. आत पाहण्यासाठी नाणे कापू वा वितळवू नये; नाणे अधिनियम २०११ नुसार नाणे नष्ट करणे गुन्हा आहे.

दोन धातूंच्या दहा वा वीस रुपयांना घनतेची कसोटी निरुपयोगी. तिथे सांधा पाहावा. गाभा आणि कडे ठशाच्या दाबानेच एकमेकांत घट्ट बसतात. मागाहून बदललेल्या गाभ्याभोवती फट, डिंकाचा माग किंवा ठोकल्याच्या खुणा राहतात.

१९४३ चा सेंट

या तपासाचे गाजलेले उदाहरण अमेरिकेचे. युद्धासाठी तांबे हवे म्हणून १९४३ चे सेंट जस्तलेपित पोलादाचे, २.७० ग्रॅमचे काढले. ब्राँझच्या मोजक्या चकत्या यंत्रात राहून गेल्या आणि त्यांवर १९४३ चा ठसा पडला. त्यांचे वजन ३.११ ग्रॅम आणि चुंबक लागत नाही. पोलादी सेंटला तांब्याचा मुलामा दिलेली बनावट नाणी चुंबकाने क्षणात उघडी पडतात. १९४८ च्या सेंटमधला ८ कोरून ३ केलेली नाणी मात्र वजन आणि चुंबक दोन्ही कसोट्यांवर उतरतात. तिथे अंकाचा आकार पाहावा लागतो. खऱ्या ३ चे शेपूट लांब, खाली उतरलेले असते.

जतन आणि व्यवहार

संशयित नाणे धुवू, घासू वा पुसू नये. रंगाचा थर हाच पुरावा असतो. ते कडेने धरावे आणि पीव्हीसी नसलेल्या पाकिटात ठेवावे, कारण पीव्हीसीच्या पाकिटात तांब्याच्या नाण्यावर हिरवा चिकट थर येतो. विकणाऱ्याने वजन, व्यास, चुंबकाचा निकाल आणि कडेचे छायाचित्र दिले नसेल तर किंमत बोलू नये. दुर्मीळ नाण्याला लाखो रुपये देतो म्हणत आधी शुल्क वा कर मागणाऱ्यांविषयी रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर इशारा दिला आहे : बँक अशा खरेदी-विक्रीत नसते आणि त्यासाठी कुणाकडूनही शुल्क घेत नाही.