भौतिक रसायनशास्त्रातील सायटेशन आणि एच-इंडेक्स: पार्श्वभूमी

सायटेशन, म्हणजे एका निबंधाचा दुसऱ्या निबंधाच्या संदर्भयादीत झालेला उल्लेख, मोजायला सुरुवात झाली ती जर्नल निवडण्यासाठी. 1927 मध्ये दोन अमेरिकी रसायनशास्त्रज्ञांनी एका प्रमुख रसायन जर्नलच्या 1926 च्या अंकांतले संदर्भ मोजले. छोट्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयाने कोणती जर्नल्स घ्यावीत, एवढाच त्यांचा प्रश्न होता. 1960 च्या दशकात सायटेशनची छापील सूची निघू लागली आणि 1970 च्या दशकाच्या मध्यापासून जर्नल्सचे इम्पॅक्ट फॅक्टर (जर्नलच्या अलीकडच्या निबंधांना मिळालेल्या सायटेशनची सरासरी) नियमित प्रसिद्ध होऊ लागले. एकेका संशोधकाला एकच आकडा चिकटवण्याची पद्धत मात्र रुळली ती 2005 नंतर.

त्या वर्षी एका भौतिकशास्त्रज्ञाने एच-इंडेक्स मांडला. संशोधकाचे निबंध सायटेशनच्या उतरत्या क्रमाने लावायचे आणि ज्या शेवटच्या क्रमांकापर्यंत सायटेशन त्या क्रमांकाइतकी किंवा जास्त आहेत, तो क्रमांक घ्यायचा. समजा आकडे 90, 41, 18, 12, 9, 6, 5, 5, 2 असे आहेत. सहाव्या निबंधाला 6, सातव्याला 5. म्हणून एच 6. आता पहिल्या निबंधाची सायटेशन 90 वरून 9,000 झाली तरी एच 6 च राहतो. मूळ मांडणीत कारकिर्दीच्या वर्षांनी एचला भागून येणारा दरही होता: 1 च्या आसपास म्हणजे यशस्वी, 2 म्हणजे उल्लेखनीय. हे अंदाज भौतिकशास्त्रासाठी होते. रसायनशास्त्रात ते उचलताना भागाकार गळला आणि नुसता एच उरला. नुसता एच कधी खाली येत नाही, निवृत्तीनंतरही वाढत राहतो, त्यामुळे तरुण संशोधकावर तो सरळ अन्याय करतो.

त्याहून मोठा गुंता म्हणजे एच कोणत्या डेटाबेसमधला, हे बहुधा कोणी लिहीतच नाही. एक डेटाबेस निवडक जर्नल्सच धरतो, दुसरा प्रबंध आणि प्रीप्रिंटही (जर्नलमध्ये छापण्याआधी खुले केलेले मसुदे) मोजतो. साहजिकच दुसऱ्यात आकडा चढा दिसतो. एका डेटाबेसमधल्या संदर्भयाद्या 1970 पासूनच्याच आहेत, तेव्हा ज्येष्ठ संशोधकाच्या जुन्या निबंधांना त्याआधी मिळालेली सायटेशन तिथे दिसत नाहीत. एकच आडनाव आणि आद्याक्षरे असलेली दोन माणसे एका नोंदीत मिसळतात, किंवा एकाच माणसाच्या दोन नोंदी होतात. 2012 पासून मिळणारा 16 अंकी संशोधक-क्रमांक यावर उपाय आहे, पण तो निबंध पाठवताना भरला तरच. या शाखेची एक खास अडचणही आहे. ‘जर्नल ऑफ फिजिकल केमिस्ट्री’ 1997 मध्ये ए आणि बी असे विभागले गेले आणि दोन्हींचा खंड 101 च. संदर्भात अक्षर राहून गेले, तर खंड व पान दिलेले असूनही तो संदर्भ कोणत्या निबंधाचा हे ठरत नाही.

शाखेच्या आत कोणाला किती सायटेशन मिळतात, हे गेल्या तीन दशकांत संगणकीय पद्धतींनी पार बदलले. घनता-फलन सिद्धांतातले (इलेक्ट्रॉनांच्या घनतेवरून रेणूची ऊर्जा काढण्याची पद्धत) 1988 आणि 1993 मधले दोन निबंध 2014 मध्ये केलेल्या एका मोजणीनुसार सर्व विज्ञानशाखांतल्या सर्वाधिक सायटेशनच्या पहिल्या दहांत होते. पण 1993 च्या निबंधाचा हवाला बी3एलवायपी या लोकप्रिय गणनपद्धतीसाठी दिला जातो, आणि त्या निबंधातले सहसंबंध-फलन (इलेक्ट्रॉनांच्या एकमेकांवरच्या प्रभावाची ऊर्जा देणारे सूत्र) एलवायपी, म्हणजे 1988 च्या निबंधातले, नव्हते. एलवायपी घातलेले रूप 1994 मध्ये दुसऱ्या गटाने छापले. शिवाय बी3एलवायपीतला स्थानिक सहसंबंधाचा (फक्त त्या-त्या बिंदूवरच्या घनतेवरून काढलेला) भाग वेगवेगळ्या आज्ञावलींत वेगळा आहे, म्हणून त्याच नावाखाली ऊर्जा किंचित निराळ्या येतात. असा हवाला ‘ही पद्धत वापरली’ एवढेच सांगतो. निबंध वाचला की नाही, ते कळत नाही. अभिक्रियांचे वेग किंवा पृष्ठभागावरचे अधिशोषण (रेणू पृष्ठभागाला चिकटणे) काटेकोर मोजणाऱ्या प्रयोगकर्त्याचा आकडा संगणकीय पद्धती मांडणाऱ्या शेजाऱ्याच्या आकड्यापुढे ठेवणे मला चुकीचे वाटते. दोघांची तुलना आपापल्या उपशाखेतच व्हावी.

2012 च्या अखेरीस तयार झालेल्या एका जाहीरनाम्याने नेमणुका आणि निधी ठरवताना इम्पॅक्ट फॅक्टर वापरू नये अशी मागणी केली. 2015 मध्ये आकडे वापरण्याची दहा तत्त्वे आली. अर्जात एच लिहायचाच असेल तर डेटाबेसचे नाव, पाहिल्याची तारीख, स्वतःची सायटेशन वगळली की नाही आणि पहिल्या निबंधाचे वर्ष, ही चार माहिती सोबत द्यावी.