कृष्णाकाठचा एक दिवस : मेणवली, वाई, लिंब आणि माहुली

गाडी पुण्याहून सकाळी सव्वासहाला सुटते. साडेसहाला नाही. खंबाटकी घाटात एकदा ट्रकांची रांग लागली की अख्खा दिवस पुढे ढकलला जातो आणि शेवटी कात्री लागते ती जेवणाच्या वेळेला. तेवढं मात्र आम्ही होऊ देत नाही.

‘वाईपर्यंत जातोच आहोत, मग पाचगणी-महाबळेश्वरही उरकू की!’ असं दर खेपेला कुणी तरी म्हणतंच. ते या सहलीत नाही. घाट चढण्या-उतरण्यात निम्मा दिवस जातो आणि पाहायची ठिकाणं खिडकीतूनच मागे पडतात. आम्ही चारच ठिकाणं दाखवतो, पण बसून, बोलून.

पहिला थांबा मेणवली. वाईपासून तीनेक किलोमीटरवरचं हे गाव १७६८ साली नाना फडणवीसांना इनाम मिळालं आणि कृष्णेच्या काठावर त्यांचा वाडा उभा राहिला. चौकामागून चौक, लाकडी खांब, भिंतींवरची जुनी चित्रं. वाडा आजही खाजगी मालकीचा आहे, त्यामुळे प्रत्येक दालन उघडं मिळेल असं नाही, आणि चित्रांना हात लावायचा नाही. वाड्यामागे पायऱ्या उतरलं की चंद्रकोरीसारखा घाट लागतो. हिंदी सिनेमात तो इतक्यांदा येऊन गेलाय की पहिल्यांदा येणाऱ्यालाही ओळखीचा वाटतो. मेणेश्वराच्या देवळाजवळ एक भलीमोठी घंटा टांगलेली आहे. ती नीट निरखा. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे आणि साल आहे १७०७. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, तेव्हाच्या लुटीतली ही घंटा महादेवाच्या दारी आली. आमचे वाटाडे हे आधी सांगत नाहीत. मेरी कुणाला आपणहून दिसते का, याची वाट पाहतात.

तिथून वाई. अफजलखान प्रतापगडाकडे निघाला तो याच गावातल्या तळावरून, मराठी विश्वकोश घडला तोही इथेच. पण आमचा वेळ जातो तो ढोल्या गणपतीपाशी. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधलेलं हे देऊळ अगदी नदीच्या पात्राला लागून आहे. दर्शन झालं की सगळे परत फिरतात. तुम्ही मागच्या बाजूला चला. देवळाची मागची भिंत माशाच्या आकारात निमुळती होत गेली आहे. पुराचं पाणी तिच्यावर थेट आदळत नाही, दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जातं. देऊळ नदीशी भांडत नाही, तिला वाट करून देतं, म्हणून टिकलंय.

साडेबाराला पानं मांडलेली असतात. जेवण एका जुन्या घराच्या माजघरात, पाटावर. गुडघे कुरकुरत असतील त्यांच्यासाठी टेबल-खुर्ची आहे, फक्त आदल्या दिवशी सांगा. केळीच्या पानाचा शेंडा तुमच्या डाव्या हाताला येतो. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे अळूचं फदफदं आणि बटाट्याची भाजी. मधे वरणभाताची मूद. मग पुरणपोळी, वर तूप, आणि सोबत कटाची आमटी. पुरणासाठी शिजवलेल्या हरभरा डाळीचं जे पाणी उपसतात तोच कट. गोडा मसाला आणि चिंच-गूळ पडला की त्याची आमटी होते. कांदा-लसूण चालत नसेल, साखरेचा त्रास असेल तर नोंदणी करतानाच कळवा. वाढणाऱ्या मावशी ‘पुरे’ हा शब्द मानत नाहीत, पानावर हात आडवा धरावा लागतो. जेवणानंतर अर्धा तास वामकुक्षीसाठी राखलेला आहे. आधी नव्हता. पण पुरणपोळी खाऊन गाडीत बसलेल्यांना इतिहास सांगण्यात अर्थ नाही, हे आम्हाला उशिरा कळलं.

तीनच्या सुमाराला लिंब गावची बारा मोटेची विहीर. साताऱ्याच्या छत्रपती शाहू महाराजांच्या काळात वीरूबाई भोसले यांनी ती बांधली. शिलालेखात शके १६४१ ते १६४६, म्हणजे इसवी सन १७१९ ते १७२४, असा काळ दिला आहे. पायऱ्या उतरून आत गेलं की विहिरीवरच्या छोट्याशा महालात जाता येतं. मोट म्हणजे बैलांनी ओढायचा चामड्याचा पोहरा. अशा बारा मोटा एका वेळी चालत तेव्हा काय आवाज होत असेल, याची कल्पना काठावर उभं राहूनच येते. कठड्यापासून मुलांना दूर ठेवा.

उन्हं कलली की संगम माहुली. कृष्णा आणि वेण्णा इथे मिळतात. शाहू महाराजांची समाधी इथलीच, आणि त्यांच्या लाडक्या खंड्या कुत्र्याचीही. वाघाच्या तावडीतून त्याने महाराजांना वाचवलं, असं सांगतात.

सहल ऑक्टोबरअखेर ते मार्चपर्यंतच असते. पावसाळ्यात नदी घाटाच्या पायऱ्या गिळते आणि एप्रिलनंतर त्याच दगडांवर अनवाणी पाय ठेववत नाही. चपला पटकन काढता-घालता येतील अशा घाला. जाण्यायेण्याचं भाडं, सकाळचा चहा-पोहे, जेवण आणि वाटाड्या हे सगळं दरात धरलेलं आहे. प्रवेशशुल्क जिथे असेल तिथे आम्हीच भरतो. देवळातली दक्षिणा तुमची तुम्ही.

परतताना साताऱ्यात कंदी पेढ्यांसाठी गाडी दहा मिनिटं थांबते. यादी आधीच करून ठेवा, कारण शेजाऱ्यांसाठी किती घ्यायचे यावर दुकानात चर्चा सुरू झाली की दहाची पंचवीस होतात.