मोटर कॅराव्हॅन व सायकलस्वारांचे बाजूचे संरक्षण

बसण्याची, निजण्याची, स्वयंपाकाची व सामान ठेवण्याची कायम बसवलेली सोय असलेले स्वयंचलित वाहन म्हणजे मोटर कॅराव्हॅन, व्यवहारात मोटरहोम. अवजड वाहनाशेजारी पडलेला सायकलस्वार मागच्या चाकाखाली जाऊ नये म्हणून केलेले नियम अशा वाहनाला कितपत लागू होतात, याचे उत्तर सरळ नाही. वाहनरचनेचे नियम वाहनाचा वर्ग पाहतात, तर चालवण्याचे काही नियम वजन पाहतात. त्यामुळे दहा टनांचे मोटरहोम एका ठिकाणी सुटते आणि दुसऱ्या ठिकाणी सापडते.

साइड गार्ड : ट्रक वळताना त्याची मागची चाके पुढच्या चाकांच्या आतून कापत जातात. दोन्ही चाकांमधली मोकळी जागा तेव्हा सायकलस्वाराच्या जिवावर उठते. ती बंद करणारी चौकट ब्रिटनमध्ये मालवाहू वाहनांना साधारणतः १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात सक्तीची झाली. संयुक्त राष्ट्रांचा विनियम क्रमांक ७३ हा १९८८ पासून अमलात आहे. त्यानुसार चौकटीची खालची कड जमिनीपासून ५५० मिमी.पेक्षा वर नसावी, आडव्या पट्ट्यांमध्ये ३०० मिमी.पेक्षा जास्त अंतर नसावे आणि चौकट वाहनाच्या बाहेरील कडेपासून १२० मिमी.पेक्षा आत नसावी. चाचणीत २२० मिमी. व्यासाच्या सपाट दट्ट्याने १ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे १०० किलो वजनाइतका, दाब देतात. त्याखाली चौकट मागच्या टोकाच्या २५० मिमी. भागात ३० मिमी.पेक्षा आणि उरलेल्या भागात १५० मिमी.पेक्षा जास्त दबता कामा नये. डिझेलची टाकी, बॅटरीची पेटी, स्टेपनी हे कायम जोडलेले भाग अटींत बसत असतील तर चौकटीचाच भाग धरले जातात.

सक्तीनंतर ट्रकच्या बाजूला आदळून होणाऱ्या सायकलस्वारांच्या मृत्यूंचे प्रमाण ६१ टक्क्यांनी घटले, हा ब्रिटनमधील आकडा नेहमी दिला जातो. मात्र ही घट प्रामुख्याने ट्रक शेजारून पुढे जातानाच्या अपघातांतली मानावी. ट्रक सायकलवर वळतो तेव्हाचा लाभ कमी दिसतो, हे मत अधिक ग्राह्य वाटते. उघड्या पट्ट्यांत हँडल अडकू शकते, म्हणून सलग पत्र्याची चौकट अधिक चांगली, असेही अनेक अभ्यासक मानतात.

विनियम ७३ एन२ व एन३ या मालवाहू वर्गांना आणि जड ट्रेलरना लागू आहे. मोटरहोम कितीही वजनदार असले तरी युरोपीय वर्गीकरणात ते एम१ वर्गातले, म्हणजे प्रवासी गटातले, विशेष वापराचे वाहन ठरते. प्रवासी वाहनांची बॉडी मुळातच खाली उतरलेली असते, हे त्यांना वगळण्याचे सामान्यतः दिले जाणारे कारण. बससाठी ते पटते. ट्रकच्या चेसिसवर बांधलेल्या मोटरहोमला मात्र चाकांमध्ये फायबरचा स्कर्ट, म्हणजे बाजू झाकणारी खालची पट्टी, असतो, आणि त्या स्कर्टवर दट्ट्याची चाचणी घेणे बंधनकारक नाही. दिसायला जागा बंद, पण पडणाऱ्या माणसाचा भार तो पेलेल याची हमी कुणी घेतलेली नाही. ही उणीव दुर्लक्षण्याजोगी नाही.

आरसे व सूचकयंत्रणा : पदपथाकडची जवळची जागा दाखवणारा आणि वाहनाच्या अगदी पुढचे दाखवणारा, हे दोन्ही आरसे जड मालवाहू वाहनांना सक्तीचे आहेत, एम१ वर्गाला नाहीत. युरोपीय संघाने जुलै २०२२ पासून नव्या प्रकारांना आणि जुलै २०२४ पासून सर्व नव्या बस-ट्रकना सायकलस्वार टिपणारी सूचकयंत्रणा लावली. तीतूनही एम१ बाहेरच राहिला.

चालवण्याचे नियम : जर्मनीत २०२० पासून ३.५ टनांवरील कोणत्याही मोटारवाहनाने शहरात उजवीकडे वळताना, सायकलस्वार वा पादचारी येण्याची शक्यता असेल तेथे, चालण्याच्या वेगानेच वळावे लागते. येथे वर्ग विचारला जात नाही, त्यामुळे मोठे मोटरहोम आपोआप नियमात येते. रचनेच्या नियमांनाही हाच निकष लावणे प्रस्तुत लेखकास योग्य वाटते.

भारत व मुंबई : भारतात बाजूच्या संरक्षणाचे मानक आयएस १४६८२ असून तेही मालवाहू वाहनांसाठीच आहे. मोटर कॅराव्हॅनचे प्रमाणीकरण एआयएस-१२४ या वाहन-उद्योग मानकानुसार होते. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५२ बाबत सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिलेल्या निर्णयानुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार करता येत नाहीत. त्यामुळे जुन्या बसचे मोटरहोम करणाऱ्या बॉडी बिल्डरला आरटीओतल्या पासिंगचा विचार आधीच करावा लागतो. महाराष्ट्राचे कॅराव्हॅन पर्यटन धोरण २०२१ चे.

मुंबईत या जातीचे सर्वांत परिचित वाहन म्हणजे चित्रीकरणाची व्हॅनिटी व्हॅन. गोरेगावच्या चित्रनगरीकडे जाणाऱ्या रस्त्यांवर, आरे वसाहतीत आणि मढ परिसरात ती नेहमी दिसते. आरेचा रस्ता पहाटे हौशी सायकलस्वारांचा असतो. शहरात इतरत्र डबेवाले, पाववाले आणि दूधवाले रस्त्याची डावी कड धरून चालतात. भारतात वाहतूक डावीकडून असल्याने मोटरहोमचे दार, त्याखालची घडीची पायरी आणि गुंडाळलेली छत्री (गाडी उभी असताना सावलीसाठी बाजूला उघडायचे कापड) हे सारे याच बाजूला येते. डब्यांनी दोन्हीकडे फुगलेल्या सायकलला तेथे बाजूला सरकायला जागा उरत नाही. पायरी आत न घेता निघालेली गाडी अशा वेळी सायकलस्वाराच्या नडगीच्या उंचीवर धातूची कड घेऊन जाते. म्हणून निघण्यापूर्वी डाव्या बाजूने एक फेरी मारून पायरी, दार व छत्री पाहणे हे चालकाचे कर्तव्य समजावे.