भाषाविज्ञानाच्या सहायक प्राध्यापकपदाचा अर्ज: पात्रता, कागदपत्रे आणि अडण्याच्या जागा

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमावलीनुसार या पदासाठी पदव्युत्तर परीक्षेत किमान 55 टक्के गुण आणि नेट (राष्ट्रीय पात्रता परीक्षा) किंवा सेट (राज्यस्तरीय पात्रता परीक्षा) उत्तीर्ण असणे आवश्यक आहे. अनुसूचित जाती-जमाती, नॉन-क्रीमिलेअर गटातील इतर मागासवर्गीय आणि दिव्यांग उमेदवारांना गुणांत पाच टक्क्यांची सवलत मिळते. आयोगाच्या 2009 किंवा 2016 च्या नियमांनुसार पीएच.डी. झालेल्यांना नेट-सेटमधून सूट आहे. 1 जुलै 2023 पासून पीएच.डी. सक्तीची राहिलेली नाही. केवळ ती नाही म्हणून कोणी अर्ज करण्याचे टाळू नये. मात्र 2018 च्या नियमावलीतील विद्यापीठांसाठीच्या तक्त्यात मुलाखतीपूर्वीच्या छाननीत तिला 30 गुण आहेत, हे ध्यानात ठेवावे.

भाषाविज्ञानात खरी अडचण येते ती पदवीच्या विषयाची. महाराष्ट्रात पुण्याच्या डेक्कन कॉलेजसारख्या मोजक्याच ठिकाणी या विषयाचे पदव्युत्तर शिक्षण मिळते, त्यामुळे मराठी, इंग्रजी किंवा संस्कृतमध्ये एम.ए. करून पुढे ध्वनिविचार, वाक्यविचार किंवा बोलींवर संशोधन केलेले अनेक चांगले अभ्यासक अर्ज करतात. नियमावली संबंधित किंवा संलग्न विषय मान्य करते. पण विषय संलग्न आहे की नाही हे ठरवणारी छाननी समिती गुणपत्रकावर केवळ ‘एम.ए. (इंग्रजी)’ एवढेच पाहते आणि अर्ज बाजूला पडतो. कोणते विषय संलग्न धरणार हे विद्यापीठांनी जाहिरातीतच छापायला हवे. ते न छापता उमेदवारांकडून शुल्क घेणे अन्यायाचे आहे. तोवर उपाय एवढाच की शुल्क भरण्यापूर्वी भरती विभागाला लेखी विचारावे, उत्तर जपून ठेवावे आणि एम.ए.ला अभ्यासलेल्या भाषाविज्ञानाच्या अभ्यासपत्रिकांचा विद्यापीठाने प्रमाणित केलेला अभ्यासक्रम अर्जासोबत जोडावा.

नेटचे प्रमाणपत्रही नीट वाचावे. जून 2024 पासून निकालात तीन गट आहेत आणि त्यांतील ‘केवळ पीएच.डी. प्रवेशासाठी’ पात्र ठरलेला उमेदवार सहायक प्राध्यापकपदाला पात्र नसतो. उत्तीर्ण झाल्याच्या आनंदात हा फरक सहज नजरेतून सुटतो. सेटच्या बाबतीत 1 जून 2002 नंतरच्या परीक्षेची पात्रता त्या त्या राज्यापुरती असते, म्हणून महाराष्ट्र-गोव्याच्या सेटवर हैदराबाद किंवा दिल्लीच्या विद्यापीठात अर्ज करून उपयोग नाही.

सूट पीएच.डी.वर मागायची असेल, तर पदवी प्रमाणपत्र पुरेसे ठरत नाही. पदवी आयोगाच्या नियमांनुसार दिली आहे, असे विद्यापीठाचे स्वतंत्र प्रमाणपत्र लागते. नोंदणी 11 जुलै 2009 पूर्वीची असेल, तर नियमित पद्धतीने मिळालेली पदवी, किमान दोन बाह्य परीक्षक, खुली मौखिक परीक्षा, दोन शोधनिबंध आणि दोन परिषदांतील सादरीकरण या पाचही अटी कुलसचिव किंवा अधिष्ठाता यांनी प्रमाणित कराव्या लागतात. हा कागद बहुतेकांकडे नसतो आणि तो मिळवण्यात कित्येक आठवडे जातात, म्हणून जाहिरातीची वाट न पाहता त्यासाठी विद्यापीठाकडे आजच अर्ज द्यावा.

अनुभवाच्या दाखल्यात ‘शैक्षणिक वर्ष 2021-22’ एवढेच लिहिलेले असेल, तर महिने मोजता येत नाहीत आणि गुण जातात. रुजू झाल्याची व कार्यमुक्तीची तारीख, पूर्णवेळ की तासिका तत्त्व आणि विद्यापीठाच्या मान्यतापत्राचा क्रमांक त्यात हवाच. राज्याचे नॉन-क्रीमिलेअर प्रमाणपत्र केंद्रीय विद्यापीठात चालत नाही. तिथे केंद्राच्या नमुन्यातील प्रमाणपत्र लागते. नोकरीत असलेल्यांनी ना-हरकत प्रमाणपत्रासाठी लगेच अर्ज करावा. फोटो, सही, शुल्काची पावती आणि स्वसाक्षांकित प्रती यांत विशेष अवघड काही नाही.

मुदतीबाबत दोन गोष्टींचा घोळ होतो. जाहिरातीत वेगळी तारीख दिलेली नसेल, तर पात्रता अर्जाच्या अंतिम तारखेला पाहिली जाते; प्रबंध सादर झाला किंवा मौखिक परीक्षा पार पडली म्हणून पीएच.डी. धरली जात नाही, पदवी दिल्याची विद्यापीठाची अधिसूचना निघालेली असावी लागते. दुसरे असे की ऑनलाइन अर्जाची छापील प्रत मागवली असेल, तर बहुतेक ठिकाणी ती मुदतीत पोहोचावी लागते. टपालात टाकल्याची तारीख धरत नाहीत.

अपात्रांची यादी संकेतस्थळावर लागली की आक्षेपासाठी मोजकेच दिवस मिळतात. बाद होण्याचे कारण शब्दशः उद्धृत करून, संबंधित कागदाची प्रत जोडून, ईमेलने आणि आवक नोंद घेऊन प्रत्यक्षही आक्षेप दाखल करावा. फोनवर मिळालेल्या आश्वासनावर थांबू नये.