गार्ड की रिझर्व्ह? गणवेश बघून कळत नाही
अमेरिकी हवाई दलाचे अर्धवेळ सैनिक दोन संघटनांत विभागलेले आहेत : एअर नॅशनल गार्ड आणि एअर फोर्स रिझर्व्ह. गणवेश तोच, बरीचशी विमानंही तीच. महिन्यातला एक शनिवार-रविवार आणि वर्षाकाठी साधारण दोन आठवडे हजेरी, हेही सारखंच. म्हणून बातम्यांत दोघांची सर्रास अदलाबदल होते.

फरक ओळखायचा तर हुकमाचा कागद वाचावा. रिझर्व्ह पूर्णपणे केंद्राची, कायम 'टायटल 10'खाली (टायटल म्हणजे अमेरिकी कायदेसंहितेचा एक भाग; 10 खाली पैसा आणि हुकूम दोन्ही केंद्राचे). गार्ड एरवी राज्याच्या गव्हर्नरच्या हाताखाली असते. पुरात राज्याने बोलावलं तर पगार राज्याचा. सरावाला 'टायटल 32', म्हणजे पैसा केंद्राचा पण हुकूम गव्हर्नरचा. परदेशी मोहिमेवर निघाले की 'टायटल 10'. एकच माणूस एका वर्षात या तिन्ही खात्यांतून फिरू शकतो, आणि घोळ तिथेच होतो. राज्याच्या कामावर असताना दुखापत झाली, तर भरपाई राज्याच्या नियमाने ठरते, केंद्राच्या नाही. सैन्याला पोलिसी कामापासून रोखणारा 1878 चा पॉसी कोमिटाटस कायदाही याच कागदावर फिरतो : गव्हर्नरच्या हुकमाखाली गार्ड पोलिसांच्या मदतीला उतरू शकते, टायटल 10 लागलं की सहसा नाही.

रिझर्व्हला गव्हर्नर थेट बोलावू शकत नाही. 2012 पासून मात्र त्याने मागणी केल्यास केंद्र आपत्तीसाठी रिझर्व्हला 120 दिवसांपर्यंत सक्तीने कामावर घेऊ शकतं.

पगाराचा हिशेब दोघांचा एकच, पण नवख्याला चकवतो. एक हजेरी किमान चार तासांची, दिवसाला दोन. प्रत्येक हजेरीला एका दिवसाचा मूळ पगार, म्हणजे दोन दिवसांत चार दिवसांचे पैसे. वर्षाला अशा 48 हजेऱ्या. वैमानिकाचा हात एवढ्यावर तयार राहत नाही, म्हणून त्यांना उड्डाणाच्या जादा हजेऱ्या मिळतात.

कामांची वाटणी ढोबळ आहे. देशाच्या आकाशावरचा पहारा बहुतांशी गार्डकडे. 11 सप्टेंबर 2001 ला न्यूयॉर्ककडे झेपावलेली पहिली दोन एफ-15 लढाऊ विमानं मॅसॅच्युसेट्स गार्डचीच. चक्रीवादळात घुसून मोजमापं घेणारं मिसिसिपीतलं 53वं स्क्वाड्रन रिझर्व्हचं. नियमित दलाचीच विमानं रिझर्व्हच्या माणसांनी उडवायची, ही 'असोसिएट' पद्धत 1968 पासूनची.

वणवा विझवणाऱ्या सी-130 मालवाहू विमानांबाबत हमखास चूक होते. 3,000 गॅलनची, म्हणजे सुमारे 11,350 लिटरची टाकी बसवून हे काम करणारी चार दलं आहेत. वायोमिंग, नेवाडा आणि कॅलिफोर्नियातली गार्डची, कोलोरॅडोतलं रिझर्व्हचं.