कॉर्पोरेट लॉ फर्म आणि बेळगाव सीमाभाग

कंपन्यांचे करार, भांडवल उभारणी, विलीनीकरण, कर्जाची पुनर्रचना आणि लवाद ही कामे भागीदारीत करणारी, पदरी शेकडो वकील बाळगणारी संस्था म्हणजे कॉर्पोरेट लॉ फर्म. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात वकिली आजही मुख्यतः एकेका वकिलाच्या ऑफिसातून चालते: एक सिनिअर, दोन-चार ज्युनिअर, एक जुना कारकून. तरीही मुंबई-बेंगळुरूच्या फर्मनी लिहिलेल्या मसुद्यांचा अंमल इथल्या जमिनींवर, फौंड्र्यांवर आणि साखर कारखान्यांवर मोठा आहे.

भारतातील जुन्या फर्म हायकोर्टांच्या सावलीत वाढल्या. मुंबईत क्रॉफर्ड बेली (१८३०) आणि लिटिल अँड कंपनी (१८५६) या त्यांतल्या आद्य. मुंबई हायकोर्टाच्या ओरिजिनल साइडला, म्हणजे थेट हायकोर्टातच दाखल होणाऱ्या दाव्यांच्या विभागात, दुहेरी पद्धत होती. पक्षकाराने सॉलिसिटर गाठायचा, सॉलिसिटरने कागद तयार करून बॅरिस्टर नेमायचा. कागद सांभाळणे, मसुदे करणे, व्यापाऱ्याला वर्षानुवर्षे सल्ला देणे हे काम एकट्यादुकट्याचे नव्हते. त्यातूनच फर्म उभ्या राहिल्या. बेळगाव मात्र मोफसिलात, म्हणजे मुंबई शहराबाहेरच्या मुलखात, मोडत होते. इथल्या जिल्हा कोर्टाची अपिले हायकोर्टाच्या ॲपिलेट साइडला, म्हणजे अपिलांच्या विभागात, जात आणि तिथे सॉलिसिटर लागत नसे. वकील थेट अशिलाकडून वकीलपत्र घेई, कैफियत लिही आणि युक्तिवादालाही तोच उभा राही. बेळगावात मोठी फर्म न रुजण्याचे मूळ कारण हे आहे. हुशारीची किंवा कामाची इथे कधीच वानवा नव्हती.

मुंबईतली दुहेरी पद्धत १९७७ पासून संपली. कंपनी कायद्याने भागीदारांच्या संख्येवर घातलेली वीसची मर्यादा मात्र फर्मना दीर्घकाळ जाचत राहिली. १९९१ नंतर परकीय भांडवल आले, कामाचा पूर लोटला आणि २००८ च्या मर्यादित दायित्व भागीदारी कायद्याने संख्येची अडचणही दूर झाली. १९१७ पासूनची अमरचंद मंगलदास ही फर्म २०१५ मध्ये दोन भावांत वाटली गेली आणि मुंबईत सिरिल, दिल्लीत शार्दूल अशा दोन स्वतंत्र फर्म झाल्या. बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलाला जाहिरात करता येत नाही, म्हणून या धंद्यात नावलौकिक हेच भांडवल ठरते.

बेळगावच्या वकिलीवर खोल घाव १ नोव्हेंबर १९५६ रोजी बसला. राज्य पुनर्रचनेत जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि वरचे कोर्ट एका दिवसात मुंबईहून बेंगळुरूला हलले. कायदे मात्र लगेच बदलले नाहीत. पुनर्रचना कायद्याच्या कलम ११९ मुळे मुंबई राज्याचे कायदे या भागात तसेच लागू राहिले. कुळांचे दावे १९४८ च्या मुंबई कूळ कायद्याखाली चालत. त्याची जागा म्हैसूरच्या जमीन सुधारणा कायद्याने १९६५ मध्ये घेतली. एका पिढीला दोन राज्यांच्या कायद्यांची कपाटे शेजारी-शेजारी ठेवावी लागली. सुमारे पाचशे किलोमीटरवरच्या बेंगळुरूची वारी धारवाडला खंडपीठ आल्यावर कमी झाली. ते जुलै २००८ मध्ये फिरते खंडपीठ म्हणून सुरू झाले आणि २०१३ मध्ये कायम झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाले. त्यामुळे बेळगावच्या बाजारावर चालणाऱ्या, महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्याचे अपील कोल्हापूरला जाते, तर चंदगडच्या हद्दीला लागून असलेल्या बेळगाव तालुक्याचे धारवाडला.

सीमाप्रश्नाचा दावा स्वतः महाराष्ट्र शासनाने घटनेच्या कलम १३१ खाली २००४ मध्ये सुप्रीम कोर्टात दाखल केला. त्यात ८६५ गावांवर हक्क सांगितला आहे. खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा हे त्याचे आधार. अशा दाव्याला गावागावाचा तपशील लागतो आणि तो जाणणारी माणसे स्थानिकच असतात.

मोठी फर्म आणि बेळगावचा वकील यांची खरी गाठ पडते ती जमिनीच्या सर्च रिपोर्टवर, म्हणजे मालकीच्या तपासणीच्या अहवालावर. कंपनीला कारखान्यासाठी जागा घ्यायची असते किंवा बँकेला ती तारण ठेवून हवी असते. फर्म बेंगळुरूत किंवा मुंबईत बसून मालकी निर्वेध आहे का ते विचारते. उत्तर शोधायला बेळगावचा वकील सब-रजिस्ट्रार कचेरीत जातो, ईसी (जमिनीवरच्या नोंदणीकृत व्यवहारांचा आणि बोजांचा दाखला) काढतो, फेरफार पाहतो, जुन्या उताऱ्यांशी नव्या उताऱ्याची सांगड घालतो. आजचा उतारा कन्नडमध्ये, आजोबांचे खरेदीखत मराठीत, त्याआधीचा एखादा दस्त मोडीत आणि फर्मला अहवाल हवा इंग्रजीत. जमीन वतनाची होती का, जमीन सुधारणा कायद्याच्या १९७४ च्या दुरुस्तीनंतर कुळाने नमुना ७ (मालकी मागण्याचा अर्ज) भरला होता का, त्यावर लँड ट्रिब्युनलने काय ठरवले, बहिणींची नावे वारसात लागली की वगळली, बिनशेती परवानगी कोणत्या क्षेत्रापुरती आहे, हे सगळे तपासावे लागते. यातला एक दुवा निसटला तर कोट्यवधींचा व्यवहार दहा वर्षे कोर्टात पडून राहतो. जाड करारपत्रात हा अहवाल परिशिष्ट म्हणून मागे जातो. माझ्या मते करारातले सर्वांत अवघड काम तेच असते.

मोठ्या व्यवहारांचे सर्वांत ठळक स्थानिक उदाहरण श्री रेणुका शुगर्सचे. विद्या आणि नरेंद्र मुरकुंबी यांनी काढलेल्या या कंपनीचा पहिला कारखाना सौंदत्ती तालुक्यातील मुनोळीला उभा राहिला. २००५ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली, २०१० मध्ये तिने ब्राझीलमधील साखर कंपन्या घेतल्या आणि पुढे कर्जाच्या भारामुळे २०१८ मध्ये तिची सूत्रे सिंगापूरच्या विल्मारकडे गेली. शेअर विक्री, परदेशातील खरेदी, कर्जाची पुनर्रचना ही सगळी कॉर्पोरेट वकिलीची कामे आहेत. कंपनी कायद्याचे न्यायाधिकरण आणि कंपनी निबंधक दोन्ही बेंगळुरूत असल्यामुळे जिल्ह्यातल्या कंपनीचा असा वाद जिल्ह्याबाहेरच उभा राहतो.

वकील घडवण्यात बेळगाव मागे नाही. कर्नाटक लॉ सोसायटीचे राजा लखमगौडा लॉ कॉलेज १९३९ पासून चालू आहे. २०१७ ते २०२२ या काळात देशाचे ॲटर्नी जनरल असलेले के. के. वेणुगोपाल इथेच कायदा शिकले.

उद्यमबाग आणि मच्छे या बेळगावच्या औद्योगिक भागांतल्या लहान फौंड्रीवाल्याचा कोणत्याही फर्मशी कधी संबंध येत नाही. तरी फर्मची भाषा त्याच्या टेबलावर परचेस ऑर्डरच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापून येते. माल नाकारण्याचा हक्क, विलंबाचा दंड, डाय आणि पॅटर्नची मालकी, लवादाचे ठिकाण. ही कलमे बहुधा मोठ्या खरेदीदाराच्या सोयीची असतात आणि ती न वाचताच सही होते. पैसे अडकले की मगच तो वकिलाकडे कागद घेऊन येतो. नोंदणीकृत लघुउद्योजक असेल तर २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याचा त्याला आधार आहे: करारात काहीही लिहिले असले तरी माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांत रक्कम देणे खरेदीदारावर बंधनकारक आहे. त्यानंतर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागते आणि दाद याच कायद्याखालच्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे मागता येते. २०१८ च्या दुरुस्तीनंतर तीन लाख रुपयांपासूनचे व्यापारी दावे कमर्शियल कोर्टात चालतात. तातडीचा हुकूम नको असेल तर दाव्याआधी मध्यस्थीचा टप्पा ओलांडावा लागतो.