‘समजलं ना?’ला येणारा होकार

प्रशिक्षण शेतकऱ्यांचे असो, बचत गटातील महिलांचे असो किंवा कारखान्यात नव्याने लागलेल्या मुलांचे, एखादा मुद्दा संपला की प्रशिक्षक विचारतो, ‘‘समजलं ना?’’ आणि सगळे एका सुरात म्हणतात, ‘‘होऽ!’’ मी स्वतः बरीच वर्षे या होकारावर विसंबून पुढच्या मुद्द्याकडे वळत आलो. आठवड्याने त्याच मंडळींना तीच गोष्ट करून दाखवायला सांगितली, की अनेकांचे हात अडखळत. गटाला शिकवण्याचे कौशल्य कमवायचे असेल, तर हा होकार इतका फसवा का असतो, हे आधी समजून घ्यायला हवे.

फसगतीची सुरुवात शिकवणाऱ्यापासून होते. स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन यांनी १९९० मध्ये केलेल्या प्रयोगात काही जणांनी सर्वांच्या ओळखीच्या गाण्यांचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायचा होता आणि समोरच्याने गाणे ओळखायचे होते. निम्मी गाणी तरी सहज ओळखली जातील, असा वाजवणाऱ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात १२० पैकी अवघी ३ ओळखली गेली, कारण वाजवणाऱ्याच्या मनात सबंध चाल घुमत असते आणि ऐकणाऱ्याच्या कानी केवळ टकटक पडते. ज्याला विषय मुरलेला आहे, अशा प्रत्येक प्रशिक्षकाचे असेच होते; न जाणणाऱ्याला तो विषय कसा दिसतो, हे त्याला आठवेनासे झालेले असते.

शिकणाराही स्वतःला फसवतो. मानसशास्त्रज्ञ हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी एक उतारा दोनदा वाचला, तर काहींनी तो एकदा वाचून नंतर कोऱ्या कागदावर आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत दोनदा वाचणारे पुढे होते, ८१ विरुद्ध ७५ टक्के. आठवड्यानंतर मात्र वाचणाऱ्यांना ४२ टक्के आणि आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के मजकूर सांगता आला. पुन्हा ऐकताना सारे ओळखीचे वाटते आणि त्या ओळखीलाच आपण समज मानतो. म्हणूनच दुसऱ्या दिवसाच्या सत्राची सुरुवात उजळणीच्या भाषणाने करण्यापेक्षा, कालचे काय आठवते ते प्रत्येकाने आधी एकट्याने लिहावे आणि मग शेजारच्याला सांगावे, ही रीत मला कितीतरी मोलाची वाटते.

प्रश्न विचारल्यावर थांबणे हे आणखी एक कौशल्य, आणि माझ्या मते सर्वांत अवघड. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ मेरी बड रो यांनी वर्गांतील ध्वनिमुद्रणे तपासली, तेव्हा उत्तरासाठी शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबत असल्याचे दिसून आले. ही वेळ तीन सेकंदांवर नेताच उत्तरे लांबली आणि एरवी गप्प राहणारी मुलेही बोलू लागली. तीन सेकंद म्हणजे काहीच नाही असे वाचताना वाटेल. पंचवीस माणसांसमोर ती शांतता सोसून पाहावी.

मात्र एका वेळी किती सांगायचे, याला मेंदूचीच मर्यादा आहे. मानसशास्त्रज्ञ नेल्सन कोवान यांच्या मांडणीनुसार तात्पुरत्या स्मृतीत साधारण चारच नव्या गोष्टी मावतात. ही मर्यादा मान्य करून प्रशिक्षण कसे आखावे, याचे उत्तम उदाहरण गडचिरोलीत सापडते. बालकांचा न्यूमोनिया ओळखण्यासाठी मिनिटातील श्वास मोजावे लागतात. दोन महिन्यांखालील बाळाचे श्वास ६० किंवा त्याहून अधिक असणे ही धोक्याची खूण मानली जाते. गावच्या सुईणींपैकी अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हते आणि बाळाच्या छातीवर नजर ठेवून इतके आकडे मोजणे त्यांना कठीण होते. डॉ. अभय बंग यांनी आकडे पाठ करून घेण्याऐवजी मिनिटभराचे वाळूचे घड्याळ आणि मणी असलेले एक साधे उपकरण तयार केले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी साठाव्या श्वासाचा लाल मणी सरकला, तर बाळाला न्यूमोनिया असल्याचे समजून उपचार सुरू करायचे. सुईणीला ते जमले की नाही, हे तिला विचारावे लागत नाही. बाळ समोर असते, वाळू पडत असते आणि तिचा हात मण्यांवर दिसत असतो.